बर्थाची अंगठी आणि आपलं मंगळसूत्र



मागच्या महिन्यात गंगाखेडकडच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक मावशी म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणे एक्स-रेच्या खोलीत नोकरी केली. मग मला एक सांगा. माझी सून दोन महिने झाले खोकायली. डॉक्टरनं छातीचा फोटो काढा म्हणून लिहून दिलंय. पण तिची माय म्हणती, त्यो फोटो काढला की पोटात लेकरू राहत नसतं. अन् तिथं मंगळसूत्र काढून ठेवायला लावतेत. खरं का खोटं?"

मी एक्स-रेच्या खोलीत सव्वीस वर्षं काढली. मावशीला मी तिथंच सांगितलं, छातीच्या फोटोनं असं काही होत नाही, उद्याच घेऊन जा. पण एसटीनं परत येताना वाटत राहिलं की आपण उत्तर अर्धंच दिलं. कारण त्या मायची भीती अगदीच खुळी नव्हती. तिच्यामागं सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात बायका पावलापावलावर आहेत. तोच इतिहास आज सांगते.

सुरुवात आपल्याच एका मुलीपासून करू. आनंदीबाई जोशी. कल्याणची. लहानपणी लग्न झालं, चौदाव्या वर्षी बाळंत झाली, ते बाळ दहा दिवसांत गेलं. तिथून तिनं डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं. सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत गेली आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या बायकांच्या वॉर्डाची नोकरी तिची वाट बघत होती. पण ती परत आली ती क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. वय होतं एकवीस.

ती डॉक्टर होती, तिला तपासणारेही जाणते होते. पण त्या काळी छातीच्या आत काय चाललंय हे कळायला साधनं दोनच, कान आणि बोटं. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, पक्कं आहे का तडा गेलाय, तसं डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघायचे. नाहीतर नळी लावून ऐकायचे. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी शोधला होता, पण जिवंत माणसाचं फुप्फुस डोळ्यांनी बघायची सोय जगात कुठंच नव्हती. ती सोय झाली आनंदीबाई गेल्यावर पावणेनऊ वर्षांनी. एक्स-रे असता तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, ते यायला १९४० नंतरचा काळ उजाडला. नुसतं दिसून काय होणार? पण दिसल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही, हेही तितकंच खरं.

आता जर्मनीत जाऊ. व्युर्ट्सबुर्ग नावाचं गाव, ८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. विल्हेल्म राँटजेन नावाचे पन्नास वर्षांचे प्राध्यापक प्रयोगशाळेत एकटेच काम करत होते. त्यांच्याकडं काचेची एक नळी होती, आतली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली. तिच्यातून ते जोराचा विजेचा दाब सोडत होते. नळीतला उजेड बाहेर येऊ नये म्हणून तिच्यावर काळा पुठ्ठा गुंडाळला होता, खोलीतही अंधार केला होता. तरीही थोड्या अंतरावर ठेवलेला, रसायन लावलेला एक पडदा चमकायला लागला. उजेड तर बाहेर येत नव्हता. मग पुठ्ठ्यातून आरपार काय येत होतं?

पुढचे काही आठवडे राँटजेन तिथंच जेवले, तिथंच झोपले. नळी आणि पडद्याच्या मध्ये त्यांनी पुस्तक धरलं, लाकूड धरलं, किरण पार गेले. शिसं धरलं तर अडले. स्वतःचा हात मध्ये आला तेव्हा पडद्यावर हाडांची सावली दिसली. घरी बायको वैतागली असणार, हे मी माझ्या पदरचं सांगते. पण कोणत्या बाईचा नवरा महिनाभर असा वागला तर ती वैतागणार नाही?

तिचं नाव बर्था. झ्युरिकच्या एका खाणावळवाल्याची मुलगी. २२ डिसेंबरला राँटजेन तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले, तिचा हात फोटोच्या काचेवर ठेवायला लावला आणि सुमारे पंधरा मिनिटं किरण सोडले. काच धुतल्यावर दिसली बोटांची हाडं, आणि एका बोटाच्या हाडाभोवती काळा जाड गोल. ती बर्थाची अंगठी. ती चित्र बघून घाबरली, आपण आपलं मरण पाहिलं असं म्हणाली, असं सांगतात. मला तिचं नवल वाटत नाही. माझ्या खोलीत स्वतःच्या हाताचा फोटो बघून बायका पदर तोंडाला लावायच्या. जितेपणी कुणी आपली हाडं बघत नसतं.

तो फोटो जानेवारी १८९६ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजला. त्या किरणांना राँटजेननी नाव दिलं 'एक्स'. इंग्रजी गणितात जे माहीत नाही त्याला एक्स म्हणतात. आपल्या शाळेत बीजगणितात त्याच जागी 'क्ष' धरायचो, आठवतं का? म्हणून मराठीत क्ष-किरण. राँटजेननी या शोधाचं पेटंट घेतलं नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं, ते पैसेही त्यांनी विद्यापीठाला दिले. पेटंट नसल्यामुळं कुणीही नळी बनवावी आणि फोटो काढावा असं झालं. म्हणून ही विद्या इतक्या वेगानं पसरली, आणि त्यात माणसं भाजलीही. ते पुढं येईलच.

आधी हे किरण तयार कसे होतात ते बघू. यंत्र एकदा कळलं की त्याची निम्मी भीती जाते.

एक्स-रेच्या नळीत एका टोकाला बारीक तार असते, जुन्या बल्बमध्ये असायची तशी. ती तापली की तिच्यातून विजेचे अगदी बारीक कण सुटतात, त्यांना इलेक्ट्रॉन म्हणतात. राँटजेनना हे कणही माहीत नव्हते, ते दोन वर्षांनी सापडले. समोरच्या टोकाला असते टंगस्टन नावाच्या धातूची चकती. मध्ये विजेचा दाब लावायचा. आपल्या घरातल्या बोर्डात २३० व्होल्ट असतात, इथं छातीच्या फोटोला लाख-सव्वा लाख व्होल्ट लागतात. त्या दाबानं इलेक्ट्रॉन असे पळतात की त्यांचा वेग उजेडाच्या वेगाच्या निम्म्याच्या वर जातो. आणि मग धाडकन चकतीवर आपटतात.

लोहार ऐरणीवर घण घालतो तेव्हा लोखंड तापतं आणि एखादी ठिणगी उडते. इथं तसंच. आपटलेल्या इलेक्ट्रॉनांच्या शंभर भाग शक्तीतली नव्व्याण्णव भाग नुसती उष्णता होऊन जाते. उरलेला एक भाग, तेवढाच एक्स-रे. टंगस्टन का, तर तो ३४०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय वितळत नाही. तरीसुद्धा मार एकाच जागी बसला तर चकतीला खड्डा पडेल. तव्यावरची भाकरी एका जागी राहिली की करपते म्हणून आपण ती फिरवतो, तशी ही चकती मिनिटाला तीन हजारांवर फेऱ्या मारते. "श्वास धरा" म्हटल्यावर यंत्रातून घर्रर्र आवाज येतो ना, तो चकती फिरायला लागल्याचा. किरणांचा आवाज नसतो. किरण त्याच्यानंतर येतात, सेकंदाच्या लहानशा तुकड्यापुरते, आणि संपतात.

ठिणगी दोन प्रकारांनी उडते. एक म्हणजे सुसाट आलेला इलेक्ट्रॉन धातूच्या अणूजवळून जाताना एकदम वळतो, त्याला ब्रेक लागतो, आणि गेलेला वेग किरण होऊन बाहेर पडतो. बहुतेक एक्स-रे असेच. दुसरा प्रकार आपल्या उतरंडीसारखा. माजघरात मडक्यांची उतरंड असते, त्यातलं खालचं मडकं कुणी धक्का मारून उडवलं तर वरचं खाली येऊन आदळणार. अणूमध्ये इलेक्ट्रॉन असेच थराथरानं असतात. आतल्या थरातला एक उडाला की वरच्या थरातला त्याच्या जागी पडतो, आणि पडताना किरण सोडतो. प्रत्येक धातूची उतरंड वेगळी, म्हणून प्रत्येकाचा किरणही ठरलेला, वेगळा.

आता फोटो. एक्स-रेचा फोटो म्हणजे सावली. लहानपणी कंदिलासमोर हात धरून भिंतीवर हरीण-ससा करायचो, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की हे किरण मांसातून सहज जातात, हाडातल्या चुन्यात अडकतात, सोन्या-चांदीत तर फारच. जिथं अडकले तिथं फोटो पांढरा, जिथून पार गेले तिथं काळा. बर्थाची अंगठी त्या छापात उलट, काळी दिसते, पण गोष्ट तीच. निरोगी फुप्फुसात हवा भरलेली, म्हणून ते काळं दिसतं. त्या काळ्यात पांढरट ढग दिसला की डॉक्टर थांबून बघतात. क्षय बहुतेक वेळा वरच्या भागात, गळ्याच्या हाडाखाली बसतो.

मंगळसूत्र काढायला लावतात ते याच्यासाठी. सोन्याच्या वाट्या, काळे मणी, ताईत, ब्लाउजचे हूक, सगळ्यांची सावली पडते. ती नेमकी बघायच्या जागेवर आली की खालचा डाग झाकून जातो. मी तर एकदा फसले ती वेणीनं. शाळेतली एक मुलगी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी खांद्यावरून पुढं आलेली. फोटोत गळ्याच्या हाडापाशी पांढरट पट्टा. डॉक्टरांनी क्षयाचा संशय धरला, बापाचा चेहरा उतरला. मग माझ्या लक्षात आलं. वेणी वर बांधून दुसरा फोटो काढला, फुप्फुस स्वच्छ. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर रिबनींचं बंडल कायम असायचं.

किरण संपले म्हणजे संपले, हेही सांगून ठेवते. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसे हे किरण अंगात साठत नाहीत, कपड्याला लागत नाहीत, लेकराला दूध पाजताना दुधात उतरत नाहीत. मग भीती कुठून आली?

ती आली पहिल्या पिढीच्या हातांवरून. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात एलिझाबेथ फ्लाइशमन नावाची बाई होती. शिक्षण अर्धवट राहिलेलं, हिशेब लिहायचं काम. आपल्या गटात वही सांभाळणाऱ्या सचिव असतात ना, तसंच समजा. १८९६ मध्ये तिनं या किरणांबद्दल वाचलं, यंत्र मिळवलं, शिकली आणि स्वतःची एक्स-रेची खोली थाटली. १८९८ च्या लढाईतून परतलेल्या जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या तिनं फोटोत शोधून दिल्या. इतकी नेमकी की लष्करातले मोठे डॉक्टर तिचं काम बघायला आले. पण त्या काळी किरण नीट येतात का हे बघायला लोक स्वतःचाच हात नळीसमोर धरायचे. शिशाचा आडोसा कुणी वापरत नसे. तिचे हात आधी लाल झाले, मग जखमा भरेनात, मग कॅन्सर. १९०५ मध्ये हात कापावा लागला आणि त्याच वर्षी ती गेली. अशा माणसांसाठी १९३६ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात एक दगड उभा केला, त्यावर १६९ नावं कोरली होती. पुढं नावं वाढत गेली.

नोकरीत माझ्या छातीवर सव्वीस वर्षं एक छोटा बिल्ला होता. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जायचा, माझ्या अंगावर किती किरण पडले ते सांगायचा. एलिझाबेथकडं तो बिल्ला नव्हता. मी आज धडधाकट तुमच्याशी बोलतेय, यात तिच्यासारख्यांचा वाटा आहे.

मादाम क्यूरीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, रेडियम शोधणारी. पण मला तिची दुसरी गोष्ट जास्त आवडते. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. जखमी सैनिक आघाडीवर आणि एक्स-रेची यंत्रं शहरांत. मारी क्यूरी म्हणाली, माणूस यंत्रापर्यंत येत नसेल तर यंत्र माणसापर्यंत नेऊ. तिनं श्रीमंत बायकांकडून मोटारी मागून घेतल्या, आत एक्स-रेचं सामान बसवलं, वीज मोटारीच्याच इंजिनावर तयार केली. गाडी चालवायला शिकली, चाक बदलायला शिकली. सतरा वर्षांची मुलगी इरेन बरोबर. अशा वीस गाड्या आणि दवाखान्यांत दोनशे खोल्या उभ्या राहिल्या. हे काम करायला तिनं सुमारे दीडशे बायकांना शिकवून तयार केलं. दहा लाखांवर सैनिकांचे फोटो निघाले म्हणतात. किरणांची किंमत मायलेकींनी दोघींनीही मोजली. मारी १९३४ मध्ये रक्ताच्या आजारानं गेली, इरेन १९५६ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं.

यंत्र माणसापर्यंत नेण्याची ती रीत पुढं आपल्या देशातही आली. १९५५ ते १९५८ या वर्षांत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं क्षयाची मोठी पाहणी केली. एक्स-रे बसवलेल्या गाड्या खेड्यापाड्यांत फिरल्या. त्यासाठी देशाचे सहा विभाग केले होते, त्यातला एक हैदराबादचा. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यातून सुटून सात-आठ वर्षंच झाली होती. तोवर भलेभले म्हणायचे, क्षय हा गिरण्यांचा, चाळींचा, शहराचा आजार आहे, खेड्यात मोकळी हवा, तिथं कुठला क्षय? गाड्या परत आल्या तेव्हा कळलं की खेड्यातही क्षय शहराइतकाच आहे. खेड्यातली माणसं मोजलीच गेली नव्हती, एवढंच. चुलीच्या धुरात खोकणाऱ्या बाईला तर अजूनही "धुरानं होतंय" म्हणून गप्प बसवतात.

आता त्या सुनेच्या मायच्या भीतीकडं येते.

१९५० च्या सुमाराला विलायतेत पोटुशा बायकांचे एक्स-रे सर्रास काढत. मूल आडवं आहे का, जुळं आहे का, कमरेचं हाड अरुंद आहे का, हे बघायला. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. तेव्हा ॲलिस स्टुअर्ट नावाच्या डॉक्टरबाईंनी एक साधा प्रश्न धरला, लहान मुलांना रक्ताचा कॅन्सर का होतो? त्या म्हणाल्या, आयांना विचारू. आईला सगळं आठवत असतं. त्यांनी प्रश्नांची यादी केली आणि कॅन्सरनं मूल गेलेल्या आया आणि मूल धडधाकट असलेल्या आया, दोघींनाही तेच प्रश्न विचारले. उत्तरांची चळत लागली तेव्हा एक गोष्ट वर आली. मूल गेलेल्या आयांमध्ये गरोदरपणी पोटाचा एक्स-रे काढलेल्या बायका दुपटीच्या आसपास होत्या.

१९५६ मध्ये त्यांनी हे पहिल्यांदा छापलं, १९५८ मध्ये सविस्तर. मोठमोठे डॉक्टर उसळले. आयांच्या आठवणीवर कसलं शास्त्र, म्हणाले. १९६२ मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमहॉन नावाच्या डॉक्टरांनी आठवणींवर न जाता दवाखान्यांची दप्तरं तपासली, तेव्हाही तसंच निघालं. तरी दवाखान्यांची सवय मोडायला आणखी बरीच वर्षं गेली. योगायोग असा की त्याच १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये इयान डोनाल्ड यांनी आवाजाच्या लाटांनी पोटातलं मूल बघायची रीत छापली. तीच आपली सोनोग्राफी. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो, त्यावर ती चालते. तिच्यात एक्स-रे नसतात. बऱ्याच जणी दोन्ही एकच समजतात, म्हणून सांगितलं. त्याच सोनोग्राफीनं मुली शोधून काढून टाकायचा धंदा आपल्याकडं झाला, आणि १९८८ मध्ये देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राला करावा लागला, तो विषय वेगळ्या भाषणाचा.

तर दुपटीचा अर्थ नीट समजून घ्या. लहान मुलांचा कॅन्सर मुळात फार क्वचित होतो, त्याची दुप्पटही क्वचितच. पण जे टाळता येतं ते का टाळू नये? आणि हे पोटावरच्या एक्स-रेचं झालं. छातीच्या फोटोत किरण छातीपुरते सोडतात, पोटापर्यंत पोचतात ते नगण्य. एका छातीच्या फोटोत जेवढे किरण लागतात तेवढे काही दिवसांत आपल्याला माती, दगड आणि आभाळाकडून आपोआप लागतच असतात. सीटी स्कॅनचं तसं नाही. तोही एक्स-रेच, पण चहूबाजूंनी फिरून काढलेला. छातीच्या सीटीत साध्या फोटोच्या पन्नास पटींहून जास्त किरण पडतात. गरज असेल तिथं तो जीव वाचवतो. पण "एकदाच सगळं स्कॅन करून टाका डॉक्टर" असा हट्ट आपण करू नये.

आता माझी चूक सांगते. आजवर रेडिओवर सांगितली नव्हती.

नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. दवाखाना कुठला ते सांगत नाही. ऊसतोडीवरून आलेली एक मुलगी, बैलगाडीवरून पडली होती, कमरेत कळ. चिठ्ठीत कमरेचा एक्स-रे लिहिलेला. बाहेर रांग. मी तिला टेबलावर निजवलं, दोन फोटो काढले, पाठवून दिलं. पाळी कधी आली होती, हे विचारलं नाही. तीन आठवड्यांनी ती सासूबरोबर परत आली. दिवस राहिले होते, आणि फोटोच्या दिवशीही होतेच. कुणीतरी सांगितलं होतं की आता लेकरू वेडंवाकडं होणार, खाली करून घ्या. सासू तयारीनंच आली होती.

मी डॉक्टरबाईंच्या दारात उभी होते, पाय लटपटत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पुस्तक काढलं, किती किरण पडले असतील त्याचा हिशेब केला आणि सासूला सांगितलं, दोन फोटोंसाठी गर्भ पाडायचं काहीच कारण नाही. सासूला पटवायला तास गेला. मुलगी झाली, चांगली अडीच किलोची. ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी मी खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं, "बायांनो, पाळी कधी आली ते आधी सांगा." एकानं पुसलं, म्हणे दवाखान्यात असलं काय लिहिता. मी परत लिहिलं. चार वेळा पुसलं, पाच वेळा लिहिलं. आता तर सगळीकडं छापील पाट्याच असतात, गरोदर असाल तर सांगा म्हणून. पण पाटी वाचायला थांबतं कोण? म्हणून तुम्हीच सांगा. आत गेल्या गेल्या तारीख सांगा, लाजू नका. दिवस असतील किंवा शंका असेल तर ते सांगा. मग डॉक्टर ठरवतील, थांबायचं का पोटावर शिशाचा एप्रन ठेवून काढायचं. आणि दिवस असतील तर दुसऱ्याचं लेकरू धरायला म्हणूनही त्या खोलीत उभ्या राहू नका.

आणि हे सगळं ऐकून कुणी उलटंच धरू नका, की फोटोच नको. २०१९ ते २०२१ मध्ये देशभर क्षयाची पुन्हा पाहणी झाली. सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के केवळ एक्स-रेमुळं हाती लागले. नुसतं खोकला आहे का, ताप आहे का विचारून ते सुटून गेले असते. आता तर तीन-चार किलोचं, बॅटरीवर चालणारं, हातात धरायचं यंत्र आलंय. डिसेंबर २०२४ पासून सरकारनं देशातल्या ३४७ जिल्ह्यांत शंभर दिवसांची मोहीम काढली, तीत अशी यंत्रं गावोगाव फिरली. संगणकच फोटो बघून संशयाची जागा दाखवतो, तसला एक प्रोग्राम मुंबईतल्या कंपनीनं बनवलेला आहे. मारी क्यूरीची मोटार आता पिशवीत मावते. पण डाग म्हणजे क्षय असं नाही. पक्कं सांगते ती बेडक्याची तपासणी. ती आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट. औषध चालू असेतो महिन्याला हजार रुपये खुराकासाठी खात्यात येतात, ते मागून घ्या.

मावशीच्या सुनेचं काय झालं ते राहिलंच.

पुढच्या सोमवारी दोघी तालुक्याला आल्या, मीही गेले. आत जाताना सुनेनं टेक्निशियन पोराला स्वतःहून सांगितलं, "पाळी येऊन सहा दिवस झालेत." तो बिचारा लाजला. मग मंगळसूत्राची वेळ आली तशी ती सासूकडं बघायला लागली. मी बर्थाच्या अंगठीची गोष्ट सांगत बसले नाही. म्हटलं, काढ आणि मुठीत धर, मूठ काही फोटोत येत नाही. तिनं तसं केलं. घर्रर्र आवाज झाला, "श्वास सोडा" म्हणाला, झालं. मूठ उघडली तेव्हा तळहातावर मण्यांचे वळ उठले होते.

उजव्या बाजूला वर ढग होता. बेडक्यात जंतू निघाले. औषध सुरू झालं, सहा महिन्यांचं. दवाखान्यातून सांगितलं, घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा. गेल्या आठवड्यात सगळी आली, लेकरं, मुलगा, मावशी. मावशीनं आधी सुनेचा फोटो उजेडाकडं धरून बघितला. "हे मधलं पांढरं काय हो?" मी म्हटलं, ते काळीज तिचं. बराच वेळ बघत राहिली. मग फोटो माझ्या हातात दिला, वेणीचा आंबाडा बांधला आणि गळ्यातली पोत सोडायला लागली.